साळिंदरांची हाफ बाथरूम

एका जंगलात साळिंदरांचं एक कुटुंब राहत होतं. जंगल कुठलं ते विचारू नका, बाळांनो. मागच्या खेपेला मी नाव सांगितलं, तर तुमच्यातलाच एकजण म्हणाला, तिथं माझे काका राहतात, आणि मग अर्धा तास आपण काकांवरच बोलत बसलो. आज तसं चालणार नाही.

साळिंदर तुम्हाला माहीत आहे. अंगभर काळे-पांढरे लांब काटे असतात, ते. काटे असले तरी प्राणी भिडस्त. आपण बरं, आपलं बीळ बरं, आणि उकरून काढलेले कंद बरे, असा त्यांचा स्वभाव.

या घरात तिघं होती. म्हातारे केरोबा, त्यांना सगळं जंगल आबा म्हणायचं. त्यांचा मुलगा श्रीपत. आणि श्रीपतची बायको कुंदा. टेकडीच्या उतारावर त्यांचं दुमजली बीळ होतं. वर बैठक, खाली झोपायच्या खोल्या, मधे मातीचा जिना. आबांची खोली खाली, जिन्याला लागून. खालच्या मजल्यालाही मागून एक दार होतं.

घरात सगळं होतं, फक्त एक गोष्ट नव्हती. तुम्ही लाजता म्हणून मीच नाव घेतो. संडास नव्हता. तसा तो जंगलात कोणाकडेच नव्हता. सगळे ओढ्यापलीकडच्या करवंदीच्या जाळीत जायचे.

तरण्याताठ्यांना त्याचं काही वाटायचं नाही. आबांचे मात्र गुडघे गेले होते. आधी ओढ्यापर्यंत उतार, मग दगडांवरून ओढा ओलांडायचा, मग पलीकडे चढ. जायला अर्धा तास, यायला पाऊण. आणि ही घाई काही अर्धा तास थांबत नाही. तुमच्यापैकी एकाचं पहिलीच्या वर्गात काय झालं होतं, ते मी इथं सांगत नाही. ज्याचं त्याला आठवतंय.

मग आबांनी आपल्यापुरता एक उपाय काढला. त्यांनी पाणी पिणं कमी केलं. आधी दुपारचा चहा सोडला, मग सकाळचा. मग जेवताना तांब्याही दूर सारू लागले. जीभ कोरडी पडायची, डोकं दुखायचं, पण ओढ्याची एक फेरी वाचायची. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

कुंदाच्या ते लक्षात आलं. सून चांगली होती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला तिचा राग येणार आहे. भरलेला कप तिसऱ्या दिवशीही तसाच परत आला, तेव्हा ती आबांच्या शेजारी जाऊन बसली.

"आबा, चहा का नाही घेत?"

"पित्त होतं गं."

"इतकी वर्षं नाही झालं ते?"

आबांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "सूनबाई, चहा आत जातो, त्याचं काही नाही. बाहेर पडायला तो ओढ्यापलीकडं जातो, आणि मला बरोबर नेतो."

कुंदाला वाईट वाटलं. खरंच वाटलं, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. त्याच संध्याकाळी ती श्रीपतला म्हणाली, "अहो, जिन्याखाली जागा आहे बघा. कांद्याची टोपली आणि मोडका पाट ठेवलाय, तिथं. आबांच्या खोलीपासून चार पावलं. तिथं करून टाकू या."

"काय करून टाकू या?" श्रीपतनं विचारलं. त्याला कळलं होतं, पण तो शब्द दुसऱ्या कोणीतरी उच्चारावा अशी त्याची इच्छा होती.

"ते," कुंदा म्हणाली.

"अच्छा, ते," श्रीपत म्हणाला. आणि ठरलं.

दुसऱ्या दिवशी गिरजा मिस्त्री आली. गिरजा म्हणजे घूस. जंगलातली निम्मी बिळं आणि सगळी भुयारं तिच्या हातची. बोलायची कमी, कारण तोंडात बहुतेक वेळ माती असायची. तिनं कांद्याची टोपली बाजूला केली आणि शेपटी टाकून माप घेतलं. त्या जंगलात माप शेपटीतच घ्यायचे. फक्त शेपटी कोणाची, ते आधी विचारून घ्यावं लागायचं.

"पाच शेपट्या लांब, चार शेपट्या रुंद," गिरजा म्हणाली. "माझ्या."

मग तिनं धुळीत नखानं रेघा मारल्या. "हे भांडं, मागच्या भिंतीला, मधोमध. हे हात धुवायला बेसिन, पुढच्या कोपऱ्यात, लहानसं. इथं भिंतीत एक दांडी, उठताना धरायला. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. आत म्हातारं कोणी पडलं तर काढता आलं पाहिजे. मागून नळी, बाहेर शोषखड्डा. आठ दिवसांचं काम."

आबा काठी टेकत आले. त्यांनी धुळीतला तो भांड्याचा गोल पाहिला आणि सावकाश त्यात बसले. हात लांब करून, नसलेली दांडी धरून उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"झकास," ते म्हणाले. त्या दिवशी आबांनी नुसत्या भरवशावर एक कप चहा घेतला.

बाळांनो, खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती. एक भांडं, एक दांडी, आठ दिवस, आणि आपण सगळे जेवायला मोकळे. पण श्रीपतनं काय केलं, तर ती धुळीतली आकृती सागाच्या पानावर उतरवून घेतली. आता धुळीतली रेघ वाऱ्यानं पुसून जाते. पानावरचा प्लॅन तसाच राहतो, आणि राहिला की कोणालातरी दाखवावासा वाटतो.

त्यानं तो पहिल्यांदा दाखवला हिंदुराव माकडाला. हिंदुराव त्याचा लहानपणचा मित्र. जंगलाच्या कडेला एक रिसॉर्ट झालं होतं. त्याच्या छपरावर हिंदुराव सहा महिने राहून आला होता, आणि झरोक्यांतून त्यानं एकोणीस बाथरूम आतून पाहिल्या होत्या. या विषयातला इतका दांडगा अनुभव जंगलात दुसऱ्या कोणाला नव्हता.

"याला काय म्हणता तुम्ही लोक?" हिंदुरावनं पान उलटंसुलटं करत विचारलं.

"ते," श्रीपत म्हणाला.

"अरे, ते काय ते? याला हाफ बाथरूम म्हणतात. आंघोळीची सोय नाही ना, म्हणून हाफ."

हा शब्द घरात आला आणि सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. हा शब्द मोठ्यानं म्हणता येत होता. पाहुण्यांसमोर म्हणता येत होता. कुंदानं तो त्या दिवशी वीस वेळा म्हटला असेल.

आबांना काही तो पटला नाही. "हाफ म्हणजे अर्धी ना रे? मग आत जाऊन मी काम अर्धंच करायचं का?"

"आबा, तुम्हाला त्यातलं नाही कळायचं," श्रीपत म्हणाला.

बघा म्हणजे. जो जन्मभर नेमानं जातोय त्याला त्यातलं कळत नाही, आणि ज्यानं झरोक्यातून डोकावून बघितलं त्याला सगळं कळतं. वह्या काढा आणि लिहून घ्या, परीक्षेत येईल.

हिंदुराव म्हणाला, "हे कोपऱ्यातलं बेसिन कुठल्या काळातलं? काउंटर पाहिजे. वर एक कुंडी. टॉवेलची गुंडाळी. समोर भिंतभर आरसा, म्हणजे जागा मोठी दिसते. आणि दार बाहेर उघडतं? जिन्यावरून पाहुणा उतरला की त्याच्या नाकावर बसणार ते. आत उघडणारं करा."

"काउंटर केवढं?" गिरजानं विचारलं.

"एक शेपटी पुरे."

"कोणाची?"

हिंदुरावनं आपली शेपटी सरळ केली. ती गिरजाच्या अडीच शेपट्या भरली. कुंदाला ते काउंटर मनातून फार आवडलं होतं, म्हणून ती काही बोलली नाही. भांडं मधोमध होतं, ते सरकून कोपऱ्यात गेलं. दांडीच्या जागेवर टॉवेलची गुंडाळी आली.

"दांडी?" आबांनी विचारलं.

"भिंतीवर दांड्या ठोकल्या की घराचा दवाखाना दिसतो," हिंदुराव म्हणाला.

हा झाला दुसरा प्लॅन. तिसरा पालताईंमुळे झाला. पालताई वास्तू बघायच्या. त्यांना बोलवावं लागत नाही, त्या भिंतीवर असतातच. मधेच एकदा चुक् करायच्या. पाल चुकचुकली म्हणजे बोलणं खरं ठरतं की त्यात काही खोट आहे, याबद्दल जंगलात दोन मतं होती. त्यामुळे दोन्ही मतांचे लोक सारखेच घाबरायचे.

"भांड्याचं तोंड पूर्वेला?" पालताई म्हणाल्या. "सूर्यनारायणासमोर बसणार का म्हातारे?"

"मग काय करायचं?" कुंदानं घाबरून विचारलं.

"फिरवा उत्तरेला."

गिरजानं तोंडातली माती थुंकली. "उत्तरेला फिरवलं तर गुडघे भिंतीला लागतात. आणि त्यांचा त्रास गुडघ्यांचाच आहे."

"गुडघे आज आहेत, उद्या नाहीत. वास्तू कायमची आहे," पालताई म्हणाल्या, आणि चुक् केलं. भांडं उत्तरेला फिरलं.

मग चौथा प्लॅन, मग पाचवा. भिंतीला शेवाळी रंगाचे गोटे लावायचे की पोपटी, यात एक अख्खा पंधरवडा गेला. कुंदा रोज ओढ्यावर जाऊन गोटे वेचून आणायची, ओळीनं मांडायची, लांबून बघायची, पुन्हा उचलायची. तिला नावं ठेवू नका. तुला काय आवडतं, असं तिला जन्मात पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. ती हरखून गेली होती, आणि हरखलेल्या नादात हे सगळं कशासाठी चाललंय ते तिच्या डोक्यातून हळूहळू निघून गेलं. श्रीपतच्या तर ते डोक्यात किती होतं, देवाला ठाऊक.

सातव्या प्लॅनला गिरजा अडून बसली. "एकदा आबांना बसवून माप घेऊ द्या. मला घुशींची मापं ठाऊक आहेत, साळिंदराचं नाही."

आता इथं नीट लक्ष द्या. मागच्या रांगेतले, कंद नंतर खा.

साळिंदरांमध्ये एक रीत आहे. चारचौघांत काटे मिटून बसायचं. पाहुण्यांसमोर काटे उभे राहिले तर वळण लावलं नाही म्हणतात. पोरांना ते चालायच्या आधी शिकवतात. पण प्रत्येक साळिंदराच्या आयुष्यात रोज एक वेळ अशी येते, की काटे आपोआप उभे राहतात. माणसाच्या कपाळाची शीर फुगते ना, तसं. कुठली वेळ ते मी सांगत नाही. तुम्ही आताच हसायला लागलात, म्हणजे तुम्हाला कळलंय. प्रत्येक साळिंदराला हे ठाऊक असतं. पण आजवर एकाही साळिंदरानं ते तोंडानं सांगितलेलं नाही.

तर एक दगड मांडला. भिंतींच्या जागी काटक्या रोवल्या. आबांना दगडावर बसवलं. समोर हिंदुराव, वर पालताई, आणि कुंदानं गोटे बघायला बोलावलेल्या शेजारच्या चार सशिणी. आबांनी रीतीप्रमाणे काटे मिटून घेतले.

"दीड शेपटी," गिरजा म्हणाली.

"अगं, पण हे माप असं नसतं," आबा म्हणाले. "म्हणजे आता आहे ते ठीक आहे. पण तिथं बसल्यावर जरा..."

"काय जरा?" गिरजानं विचारलं.

"जरा जोर..."

"आबा, पाहुणे बसलेत," कुंदा हळूच म्हणाली.

सशिणींनी खाली बघितलं. श्रीपतचे कान लाल झाले. आबा मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि लाजेनं त्यांचे काटे आणखी मिटले.

"सव्वा," गिरजा म्हणाली, आणि तिनं तिथं रेघ मारली. तिचा काही दोष नव्हता. ती घूस, तिला काय ठाऊक? श्रीपतला मात्र ठाऊक होतं. कुंदाला ठाऊक होतं. एका शब्दाचं काम होतं, आणि तो एक शब्द पाहुण्यांपुढं काही निघाला नाही.

आठ दिवसांचे चार महिने झाले. अकरावा प्लॅन चालू होता. आबा चहा सोडून कधीचेच बसले होते, आता पाण्यालाही घोट मोजून घ्यायचे. ओठ फुटले होते. एक दिवस ओढ्याच्या दगडांवर त्यांना चक्कर आली आणि ते पाण्यात बसले. तिथं कपडे धुणाऱ्या एका मुंगसिणीनं हाका मारल्या, म्हणून बरं.

श्रीपत धावत गेला. आबांना पाठीवर घालून त्यानं घरी आणलं. तो खरोखर घाबरला होता. बापाचा हात धरून, डोळे पुसत तो म्हणाला, "आबा, अजून थोडेच दिवस कळ काढा. आता आरशाची चौकट तेवढी ठरायची राहिलीय."

आबा म्हणाले, "ठरव बाबा." दुसरं काय म्हणणार?

अखेर हाफ बाथरूम झाली. खोटं कशाला बोलू, सुंदर झाली होती. पोपटी गोटे, त्यात मधेच एक शेवाळी पट्टी. गुळगुळीत काउंटर. कुंडीत नेचा. भिंतभर आरसा. टॉवेलची अशी गुंडाळी की सोडवायला जीव होऊ नये. सगळ्या जंगलाला आमंत्रणं गेली. येईल तो आत डोकं घालायचा आणि "वा" म्हणायचा. भांडं तसं पटकन दिसत नव्हतं, ते दाराच्या मागच्या कोपऱ्यात होतं. पण शोधलं की सापडायचं.

"पहिला मान आबांचा," श्रीपतनं जाहीर केलं.

आबांनी त्या दिवशी सकाळपासून तीन कप चहा आणि दोन तांबे पाणी प्यायलं होतं. चार महिन्यांची तहान होती ती. चेहरा टवटवीत झाला होता म्हाताऱ्याचा. काठी बाहेर ठेवून ते आत गेले. दार आत उघडणारं, ते भांड्याला घासत होतं. म्हणून आधी बसायचं आणि मग दार ढकलायचं, असं करावं लागलं. आबांनी तसं केलं. गुडघे भिंतीला टेकले. बाहेर जिन्यावर ओळीनं पाहुणे बसले होते. कोणी कोणाकडं बघत नव्हतं.

मग खळ् असा आवाज झाला. मग भिंतीतून माती पडल्याचा आवाज. मग आबांचा.

"श्रीपत, मी अडकलो रे."

काटे उभे राहिले होते. त्यांना उभं राहायला जागाच नव्हती. डावीकडचे पोपटी गोट्यांच्या फटींत रुतले, उजवीकडचे टॉवेलच्या गुंडाळीत, आणि मागचा एक थेट आरशात. दार आत उघडावं तर मधे आबा. हिंदुराव म्हणाला, रिसॉर्टमध्ये असं कधी झालं नव्हतं. पालताई छताच्या फटीत गेल्या. शेवटी गिरजानं बाहेरच्या बाजूनं खणत खणत मागची भिंत फोडली आणि आबांना पाठमोरे ओढून काढलं. अकरा काटे भिंतीतच राहिले.

तुम्ही विचारणार, मग मुख्य काम झालं का? नाही झालं. आबांनी अंगावरची माती झटकली, काठी घेतली आणि ते ओढ्याच्या दिशेनं निघाले. त्यांच्या मागं जायचं धाडस कोणाला झालं नाही.

कुंदा त्या दिवशी खूप रडली. आबांसाठी रडली की आरशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. थोडी दोघांसाठी रडली असेल. भिंत पुन्हा लिंपली, नवा आरसा आला. आणि मग घरात असं ठरलं, की आबांना ही काही झेपायची नाही, तेव्हा ही पाहुण्यांसाठी ठेवू. दाराला कडी लागली. पाहुणे यायचे, बघायचे, वाखाणायचे. पण वापरायचं कोणी नाही. इतकी छान आहे, उगाच खराब कशाला करायची, असं म्हणायचे, आणि खाली मान घालून ओढ्याकडं चालू लागायचे.

पुढं एकदा गिरजा कामावरून येत होती. उताराच्या मध्यावर आबा एका दगडावर बसलेले तिला दिसले.

"कुठं निघालात, आबा?"

"निघालोय तर खरा. पोहोचतोय का बघतो."

गिरजाला फार वाईट वाटलं. तिनं बिळं पुष्कळ बांधली होती, पण आपल्या हातून एखादं काम असं वाया गेल्याचं तिला आठवत नव्हतं. ती आबांच्या शेजारी टेकली. तोंडातली माती तिनं पूर्ण थुंकली.

"आबा, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होतात? जरा म्हणजे काय?"

आबांनी इकडंतिकडं बघितलं. कोणी नव्हतं. मग बाळांनो, त्या म्हाताऱ्यानं जन्मभराचं वळण बाजूला ठेवलं आणि सगळेच्या सगळे काटे सरळ उभे केले.

"हे," ते म्हणाले. "घे माप."

गिरजानं शेपटी टाकली. साडेतीन भरलं. तिनं पुन्हा टाकून बघितली, तरी साडेतीनच. "एवढंच सांगायचं होतं?" तिनं विचारलं.

"एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आबांच्या मागच्या दारापासून सहा पावलांवर, भोकराच्या झाडाखाली खड्डा खणला. वर भोक पाडलेला एक ओंडका ठेवला. पूर्वेला तोंड होतं की पश्चिमेला, हे ठेवताना तिच्या ध्यानातही आलं नाही. दोन्ही बाजूंना धरायला दोन मेढी रोवल्या. भोवती ऐसपैस बांबूच्या तट्ट्या उभ्या केल्या. दार बाहेर उघडणारं. दुपारच्या आत काम संपलं, आणि आबा जेवायच्या आधी एकदा आणि जेवल्यावर एकदा जाऊन आले. मग त्यांनी अख्खा तांब्या तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या रिकामा केला. कुंदानं ते स्वयंपाकघरातून बघितलं. तिला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा, मला त्यावर बोलवत नाही.

दुसऱ्या दिवशी कुंदा तट्टीमागं कसं केलंय ते नुसतं बघून येते म्हणाली, आणि बराच वेळ आली नाही. मग श्रीपत बघून आला. मग शेजारच्या सशिणी. हिंदुराव तज्ज्ञ म्हणून आला आणि दिवसातून तीनदा येऊ लागला. आठवड्याभरात भोकराखाली सकाळची रांग लागायला लागली. आबांचा नंबर कधी पाचवा, कधी सातवा. पण सहा पावलं चालून सातवा नंबर त्यांना चालत होता.

आणि मग एका सकाळी श्रीपत हातात सागाचं नवं पान घेऊन रांगेत उभा राहिला.

"आबा, मी काय म्हणतो," तो म्हणाला. "एवढी गर्दी होते, तर हे जरा व्यवस्थित करून घेऊ. हा ओंडका काढू. नीट प्लॅन करू."

"काउंटर करता येईल," हिंदुराव मागून म्हणाला.

"तोंड पूर्वेला आहे," पालताई तट्टीवरून म्हणाल्या. "हे फिरवायलाच हवं."

"गोटे माझ्याकडं उरलेत थोडे," कुंदा म्हणाली. सवय हो, दुसरं काय.

नेमका तेव्हा आबांचा नंबर आला. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग ते आत गेले. आतून काडी सरकवल्याचा आवाज झाला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. श्रीपत या पायावरून त्या पायावर झाला.

"आबा, झालं का?"

"माझं कधीच झालं."

"मग बाहेर या ना."

"तुमचा प्लॅन होऊ दे. तोवर मी बसतो. इथं ऐसपैस आहे."

श्रीपतच्या मागं हिंदुराव होता, आणि त्यानं सकाळी फणस खाल्ला होता. त्याच्या मागं चार सशिणी. त्यांच्या मागं आणखी कोण कोण. करवंदीची जाळी पार ओढ्यापलीकडं. आणि बाळांनो, त्या जंगलात पहिल्यांदाच एका प्लॅनवरची चर्चा एका मिनिटात संपली. आहे तेच उत्तम आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पालताईंनी तर आपण होऊन सांगितलं, की पूर्व दिशा अगदीच वाईट नसते.

"लवकर या, आबा," हिंदुराव कळवळून म्हणाला. त्याची शेपटी एव्हाना पार आखडली होती.

"येतो," आबा आतून म्हणाले. "गुडघ्यांना जरा वेळ लागतो."

तात्पर्य: एखादी सोय ज्याच्यासाठी करायची, त्याला चुकूनही काही विचारू नये. तो एका वाक्यात नेमकं काय हवं ते सांगून टाकतो, काम दुपारच्या आत उरकतं, आणि बाकीच्या सगळ्या शहाण्यांनी मग दिवसभर करायचं तरी काय?